मधली पानं

लंडन,
12 ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

तुझ्या मासिकाची डमी, म्हणजे छपाईआधीचा नमुना अंक, पोचली. जेवणं आटोपल्यावर टेबल पुसून त्यावरच पसरली आणि तीनदा चाळली. "पोरं हात लावतील का रे याला?" असं तू विचारलंयस, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

गेल्या शनिवारी इथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘स्मॅश हिट्स’चे आठ-दहा अंक सापडले. निक लोगन यांनी 1978 साली सुरू केलेलं हे पॉप संगीताचं पाक्षिक. एकेक अंक उघडत गेलो, तर बहुतेकांत मधली पानंच नाहीत! पिना उचकटलेल्या आणि त्यांत कागदाचा नखाएवढा कपटा अडकलेला. पोस्टर कुणाच्या तरी खोलीच्या भिंतीवर गेलं होतं. एका अंकात तर गाण्याचे शब्द कात्रीने चौकोनी कापून नेलेले, आणि त्या खिडकीतून पुढच्या पानावरच्या गायकाचा एकच डोळा माझ्याकडे बघत होता. मला भरूनच आलं. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी हे पान लावलं, आणि एका पोराला ते अंकात राहू द्यावंसं वाटलं नाही!

रेडिओवर ऐकलेल्या गाण्याचे शब्द तेव्हा दुसरीकडे मिळणार कुठे? आपल्याकडे थेटराबाहेर गाण्यांची पुस्तकं खपायची, तीच ही भूक. ‘स्मॅश हिट्स’ने तेच शब्द रंगीत पानावर, फोटोला खेटून लावले आणि ते जपून ठेवण्याजोगे झाले.

‘केरँग!’ या रॉक संगीताच्या नियतकालिकाचं मास्टहेड, म्हणजे मुखपृष्ठावरचं नाव, तू पाहिलंच असशील. 1981 मध्ये ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकाची पुरवणी म्हणून ते निघालं. नाव म्हणजे गिटारच्या तारांवर कचकन हात मारल्यावर उठणारा आवाज, आणि अक्षरं अशी तडकलेली की त्याच दणक्याने फुटली असावीत. रॉक ऐकणाऱ्या पोराला स्टॉलवर लांबूनच कळतं, हे आपलं.

आता ‘रे गन’, ते अमेरिकन संगीत मासिक. कॉलेजात आपण त्याची पानं रचणाऱ्या डेव्हिड कार्सनवर जीव टाकायचो. त्याने 1994 मध्ये गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून अख्खी चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली, एक अक्षर वाचता येईना. धाडस मोठंच, पण आज मला ते पटत नाही. गाण्यावर जीव असलेलं पोरगं एकेक ओळ वाचायला आसुसलेलं असतं, त्याला कार्सनने काय दिलं? तुझ्या डमीत लाल पानावर काळा मजकूर आहे तो याच कारणासाठी बदल.

आणि सेंटर स्प्रेड, म्हणजे मधली जोडपानं, तू वर्गणीच्या फॉर्मला दिलास! बाळ्या, तो फॉर्म मागे टाक. पान 9 वर तिकिटाएवढा छापलेला, पोवाडा म्हणणाऱ्या त्या मुलीचा फोटो दोन्ही पानांवर पसरू दे. तिची नजर सरळ बघणाऱ्याकडे आहे, ती छापून येण्यासारखी आहे. चेहरा मात्र एका पानावर सरकव, नाहीतर घडी नाकावरून जाईल आणि पिनेची भोकं कपाळावर येतील. मागच्या बाजूला लेख लावू नकोस, पोस्टर काढताना पोरांचा हात अडायला नको.

नवी डमी पिना मारूनच पाठव. मधलं पान सोडवून इथे भिंतीवर लावून बघतो, मगच सांगतो.

काकूंना सा. नमस्कार.

तुझा,
अव्या