व्हिट्संडेची सफर: आधी वारा बघा, मग बोट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या व्हिट्संडे बेटांवरच्या शिडाच्या सफरीबद्दल आलेला लेख वाचला. पांढरी वाळू, निळे पाणी, डेकवरून पाय सोडून बसलेली मंडळी, सगळे खरे आहे. पण ‘कुठल्याही महिन्यात जा, मिळेल ती स्वस्त बोट पकडा आणि ग्रेट बॅरिअर रीफ बघून या’ या सल्ल्यातला एकही भाग टिकणारा नाही. 2024 पासून 18 ते 30 वयाच्या भारतीयांना सोडतीने वर्षाला हजार वर्क अँड हॉलिडे व्हिसा मिळू लागले आहेत. पाठीवर सॅक टाकून क्वीन्सलंडचा किनारा पालथा घालणाऱ्यांत मराठी मुलेमुली वाढणार, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

व्हिट्संडे म्हणजे 74 बेटे. त्यातली बहुतेक निर्मनुष्य. बोटी सुटतात एअर्ली बीच या किनाऱ्यावरच्या गावाहून. एप्रिल ते सप्टेंबर इथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. 15 ते 20 नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर) हा रोजचा वारा, आणि मधूनच तो 25 च्या पुढे गेला तर तिथल्या खलाशांना त्याचे काही वाटत नाही. खरी शिडे भरून जाणारी सफर हवी असेल तर हाच हंगाम. पाणी मात्र 22-23 अंशांपर्यंत उतरते आणि अर्ध्या तासात दात वाजू लागतात, त्यामुळे वेटसूट, म्हणजे उबेसाठीचा रबरी पोशाख, घ्यावाच लागतो. याच दिवसांत हंपबॅक देवमासे पिलांना जन्म द्यायला येतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर वारा बऱ्याचदा पडतो, पाणी नितळ होते. पाण्याखालचे बघायचे असेल तर हे महिने सर्वांत चांगले, पण मग ‘शिडाची सफर’ बरीचशी इंजिनावर होते, याची तयारी ठेवावी. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. 28 मार्च 2017 रोजी डेबी हे चौथ्या श्रेणीचे वादळ एअर्ली बीचजवळच किनाऱ्यावर चढले आणि हुक व हेमन बेटांभोवतीच्या प्रवाळांची दाणादाण उडाली. जुन्या फोटोंवर विसंबून एखादी खाडी ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

जाहिरातीत छापलेला थांब्यांचा क्रम पाळला गेला नाही, ही परत आलेल्यांची नेहमीची तक्रार. ती मुळातच गैर आहे. आग्नेयेचा वारा असताना हुक बेटाच्या उत्तरेकडच्या बटरफ्लाय बे, मॉरीन्स कोव्ह, मँटा रे बे या खाड्या वाऱ्याआड असतात आणि तिथे आरामात पोहता येते. वारा उत्तरेला फिरला की याच खाड्या उघड्या पडतात, मग तिथे नांगर टाकणारा कप्तान बेजबाबदार म्हणायचा. बेत बदलणारा कप्तान आपले काम करत असतो.

वाऱ्याइतकीच भरती महत्त्वाची. उधाणाला इथे पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते. किनारा आणि बेटे यांमधल्या व्हिट्संडे पॅसेजमध्ये भरतीचा प्रवाह दक्षिणेकडे जातो, म्हणजे आग्नेयेच्या वाऱ्याच्या तोंडावर. पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे असले की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि हिंडत्या-फिरत्या माणसालाही बोट लागते, म्हणजे मळमळून उलट्या होतात. प्रोमेथाझीनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. या गोळीने झोप येते, तिच्यावर बिअर नको. बोटीच्या मध्यावर, मोकळ्या हवेत, क्षितिजाकडे बघत बसावे. खाली केबिनमध्ये जाऊन आडवे व्हावेसे वाटते खरे, पण तिथे डिझेलचा आणि ओल्या कपड्यांचा वास असतो आणि त्रास दुप्पट होतो.

व्हिट्संडे बेटावरच्या व्हाइटहेवनचा सुमारे सात किलोमीटरचा किनारा आणि त्याच्या उत्तर टोकाची हिल इनलेट ही खाडी यासाठी बहुतेक जण जातात. वाळू जवळजवळ निव्वळ सिलिकाची, 98 टक्क्यांच्या घरात, त्यामुळे भर उन्हातही तळवे भाजत नाहीत. फोटोतली ती पांढऱ्या-निळ्या रंगांची नक्षी पाणी उतरलेले असताना उमटते. पूर्ण भरतीला वरून बघितले तर नुसते निळे पाणी दिसेल. म्हणून आपल्या तारखेची भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी आणि त्या दिवशी बोट तिथे किती वाजता पोचणार हे विचारावे. तिथली वाळू बाटलीत भरून आणणे बेकायदा आहे, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

आता ग्रेट बॅरिअर रीफ. दोन-तीन दिवसांच्या बहुतेक शिडाच्या सफरी बाहेरच्या मुख्य रीफवर जातच नाहीत. तो किनाऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, आणि सात नॉटने जाणाऱ्या बोटीला नुसते तिथे पोचायला पाच तास लागतात. सफरीत दिसतात ती बेटांना बिलगून वाढलेली प्रवाळे. त्यांवर रंगीत मासे भरपूर, कासवेही दिसतात, पण भरतीच्या ओढीने गाळ उठत असल्यामुळे पाणी बाहेरच्या रीफइतके स्वच्छ नसते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळून अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत गेलात तर ओढ कमी आणि पाणी जास्त स्वच्छ. बाहेरचा रीफच बघायचा असेल तर वेगवान बोटीची एका दिवसाची वेगळी सहल घ्यावी. दोन्ही एका तिकिटात बसवू नयेत.

बोट निवडताना स्वस्त-महाग याआधी जात बघावी. निवृत्त झालेल्या शर्यतीच्या बोटी लांबलचक, वेगवान आणि बॅकपॅकरांच्या लाडक्या. वीस-पंचवीस नॉटच्या वाऱ्यात त्या वीस अंशांपेक्षा जास्त कलंडून धावतात, सगळ्यांना वरच्या कडेला ओळीने बसावे लागते आणि अंगावर खारे पाणी येते. मजा तीच आहे. पण आत पंचवीस-तीस माणसे, उघडे बंक, आणि अनेक ठिकाणी एका पलंगावर दोघे. एकटे असाल तर शेजारी अनोळखी माणूस येणार का, हे बुकिंगआधी सरळ विचारावे. कटमरान, म्हणजे जोडसांगाड्याची बोट, कलंडत नाही, गुडघे दुखणाऱ्यांना आणि बोट लागणाऱ्यांना ती बरी, पण शिडाचा थरार त्यात निम्मा. ‘दोन दिवस दोन रात्री’ म्हणजे बऱ्याचदा पहिल्या दुपारी निघून तिसऱ्या सकाळी परत, तेव्हा प्रत्यक्ष तास मोजावेत.

शीड चढवायला मदत करा म्हटले की सगळे धावतात, आणि बोटे सापडतात ती तिथेच. विंच म्हणजे शिडाचा दोर ओढायचा रहाट. त्याच्या पिंपावर दोर नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळतात. दोर ढिला असताना दोनच वेढे, ताण आला की तिसरा, मग चौथा. सुरुवातीलाच चार वेढे घातले तर ढिला दोर वेढ्यावर वेढा चढून अडकतो, आणि शीड वाऱ्याने भरलेले असताना तो सोडवता येत नाही. दोर ओढणाऱ्याची मूठ पिंपापासून वीतभर तरी लांब हवी आणि अंगठा दोराभोवती गुंडाळलेला नको, कारण दोर सटकला तर तो मुठीसकट विंचवर जातो. बोट वळणार अशी हाक आली की आधी डोके खाली घ्यायचे, बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, कुठून कुठे जाते ते नंतर बघायचे.

जुन्या बोटींवरचा संडास हा वेगळाच विषय. खटका एका बाजूला केला की दांडा मारताना समुद्राचे पाणी आत येते. पाच-सहा वेळा मारून भांडे ओले करायचे, नंतर पंधराएक वेळा मारून सगळे बाहेर ढकलायचे. मग खटका ‘कोरडे’कडे फिरवून भांडे रिकामे होईतो मारत राहायचे. खटका तसाच सोडला तर बोट कलल्यावर भांडे आपोआप भरते. त्यात कागदसुद्धा टाकायचा नाही, त्यासाठी डबा असतो. ओला टिश्यू, पॅड किंवा केसांचा गुंता झडपेत अडकला की तीस माणसांचा संडास बंद, आणि तो मोकळा करायला कुणाला तरी हात घालावा लागतो.

सर्वांत गंभीर बाब लेखात एका ओळीतही नव्हती. साधारण ऑक्टोबर ते मे या पाण्यात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी या विषारी जेलीफिश असतात, आणि उरलेल्या महिन्यांत त्या मुळीच नसतात असेही नाही. इरुकांजीचे घंटीसारखे अंग बोटाच्या पेरापेक्षा लहान, पाण्यात दिसतही नाही. पूर्ण अंगाचा लायक्राचा सूट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये. कुणाला डंख झालाच तर त्या जागेवर किमान 30 सेकंद व्हिनेगर ओतायचे. चोळायचे नाही, गोड्या पाण्याने धुवायचे नाही, कारण न फुटलेले डंख त्याने फुटतात. इरुकांजीचा डंख सुरुवातीला किरकोळ वाटतो. खरी लक्षणे 20 ते 40 मिनिटांनी येतात: कंबर-पाठीत मरणाच्या कळा, उलट्या, दरदरून घाम, चढलेला रक्तदाब. म्हणून ‘काही नाही, जरा चुरचुरले’ म्हणणाऱ्याला एकटे झोपू द्यायचे नाही, लगेच खलाशांना सांगायचे. किनाऱ्यावर 000 हा तातडीच्या मदतीचा क्रमांक फिरवता येतो. बेटांच्या आड मोबाइलला रेंज नसते, तिथे बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ हाच आधार.

स्नॉर्कलिंगआधी (तोंडात नळी धरून पाण्यात बघत पोहण्याआधी) भरायच्या वैद्यकीय फॉर्मवर खोटे लिहू नये. वय साठीच्या पुढे, हृदयविकार, दमा, फिट येणे यांपैकी काही असले तर जास्तीचे तरंगण्याचे साधन आणि सोबती देतात, सफर रद्द करत नाहीत. व्हिट्संडे बेटाच्या सिड हार्बर या खाडीत 2018 साली दोन महिन्यांच्या आत तिघांना शार्क चावले, त्यातला एक दगावला. तिथे पोहू नका असा इशारा आहे आणि तो पाळावा. नांगरलेल्या बोटीवरून खरकटे टाकणे हे शार्कना बोलावणेच आहे.

सामानाचे थोडक्यात. चाकांची बॅग किंवा मोठी सॅक बोटीवर ठेवायला जागाच नसते, ती किनाऱ्यावर लॉकरमध्ये ठेवून मऊ पिशवी न्यावी. पॉवर बँक आणि कपाळावरचा टॉर्च हवाच. काचेची बाटली आणि डाग पडणारी रेड वाइन बहुतेक ठिकाणी चालत नाही. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लेखी कळवावे, बोट सुटल्यावर स्वयंपाक्याच्या हातात काही उरत नाही.

चार-सहा जण मिळून कप्तानाशिवाय बोट भाड्याने घेण्याचा पर्याय लेखात ‘लायसन्सही लागत नाही!’ अशा उद्गारचिन्हासह दिला आहे. लायसन्स लागत नाही हे खरे. पण काही तासांच्या शिकवणीनंतर 40 फुटी बोट हातात येते, आणि निदान दोघांना नांगराचे काम नीट आले पाहिजे. रात्री चालवायची मनाई, दुपारी चारपर्यंत नांगरलेले असायचे, ठरल्या वेळी रेडिओवर ठावठिकाणा सांगायचा, असे नियम असतात ते याचसाठी. गडबड होते ती साखळीच्या हिशेबात. ओहोटीला पाच मीटर खोली दिसली म्हणून त्यात नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, पाण्यावरच्या उंचीचा एक मीटर धरून, पाचपटीने 30 मीटर साखळी सोडतात. उधाणाला पाणी चार मीटर चढले की खोली नऊ आणि उंची धरून दहा. आता तीच साखळी फक्त तिप्पट उरते. त्यात डोंगरावरून अचानक वाऱ्याचे झोत उतरतात, नांगर उखडतो आणि मागे प्रवाळ असते. हिशेब भरतीच्या खोलीवर करायचा, म्हणजे 50 मीटर. नांगर वाळूत टाकायचा, प्रवाळावर कधीच नाही. पांढरे पिरॅमिडच्या आकाराचे बोये दिसले की त्यांच्या किनाऱ्याकडच्या बाजूला नांगर टाकायला बंदी आहे.

शेवटी पैशांचे. खराब हवामानाने सफर रद्द झाली तर पैसे परत मिळणार की पुढच्या तारखेचे क्रेडिट, हे अटींमध्ये वाचून घ्यावे. वर्षअखेरीला व्हिसा संपणाऱ्या माणसाला क्रेडिट काय कामाचे? दोन-तीन दिवस हाताशी ठेवूनच एअर्ली बीचला पोचावे आणि परतीचे विमान सफर संपण्याच्या दिवशी मुळीच ठेवू नये. बोटीवर स्कूबा डायव्हिंग केले असेल तर हे अधिकच लागू पडते. एकाच डाइव्हनंतर निदान 12 तास आणि एकापेक्षा जास्त झाल्या तर 18 तास विमानात बसायचे नसते, आणि बदामाच्या आकाराच्या हार्ट रीफवरून फिरवणारे छोटे विमानही त्यात आले. ती फेरी हवी असेल तर सफरीच्या आधी उरकावी.

आपला,
शिडाच्या बोटींवर काम केलेला एक वाचक