जामीनदार

प्रिय बाळ्या,

बंड्याच्या लग्नाला आला नाहीस. का, ते विचारत नाही. "मग, सध्या काय चाललंय?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तुझी वर्कशॉपची शेड बंद पडल्याचं आधीच ठाऊक असतं.

तिथे पंगतीत तुझा विषय निघालाच. "आपल्या रक्तातच धंदा नाही," एक काका म्हणाले. इतकी वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून मला हे काही पटत नाही. तुझे कर्जाचे कागद आठव. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, तरी वैयक्तिक हमी तुझी. तारण राहतं घर, जामीनदार मेहुणा आणि अण्णाकाका. खातं थकलं की सरफेसीखाली, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली, 60 दिवसांची नोटीस, मग ताबा नोटीस. ती दोन पेपरांत छापतात, त्यातला एक स्थानिक भाषेतला असावाच लागतो. जामीनदाराचं नावही त्यात, सराफाच्या जाहिरातीशेजारी. हे एकदा वाचलेली आई पोराला दुकान टाकू देईल का रे?

इंग्लंडात दिवाळं निघालेला माणूस साधारण वर्षभरात कर्जातून मोकळा होतो. आपल्याकडे 2016 चा नादारी कायदा आला, पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग 2019 मध्ये लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. म्हणजे सुटका राहिली बाजूला, आधी जामीनदार धरले!

आणि पंगतीत लक्ष्मणराव किर्लोस्कर निघतातच. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी हात लावेनात, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, सगळं खरं. पण बेळगावची जागा सोडायची पाळी आली तेव्हा औंधच्या राजांनी माळरान दिलं, वर कर्जही दिलं, म्हणून 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. जिद्द सगळे सांगतात, औंध कोणी सांगत नाही.

आता कामाचं. तुझी बँक वेगळी, म्हणून मोकळेपणाने लिहितोय. एकरकमी तडजोडीचा अर्ज लेखी दे, पोच घे. चेक परत गेला असेल आणि 138 ची, म्हणजे चेक न वटल्याच्या कलमाची, नोटीस आली, तर हातात पडल्यापासून पैसे भरायला 15 दिवस मिळतात. ते वकील शोधण्यात घालवू नकोस, आधी समोरच्याला भेट. अण्णाकाकांना तू स्वतः जाऊन सांग, पेपरातून कळता कामा नये. मशिनं तारण आहेत, बँकेच्या परवानगीशिवाय हलवू नकोस. परवानगी मिळाली की लेथला गिऱ्हाईक मी बघतो. भंगारवाल्याला मुळीच बोलावू नकोस, तो किलोवर भाव लावेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू