पाच मिलिमीटरच्या नळीतले काम

पुणे

प्रिय अनिकेत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मोठमोठ्या डाय, म्हणजे धातूचे साचे, घडवणाऱ्या तुला एका चिमट्याच्या डिझाइनला इतका वेळ का लागतो, असा प्रश्न पडला, म्हणून सविस्तर लिहितो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आमचा ग्रास्पर, म्हणजे ऊतक पकडणारा लांब दांड्याचा चिमटा, ट्रोकारमधून (पोटाच्या छिद्रात बसवलेल्या नळीतून) पोटात शिरतो आणि पोटाची भिंतच तरफेचा टेकू होते. सर्जनने मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जाते. शिवाय दांडा जितका खोल जातो, तितकी टोकाची हालचाल वाढत जाते आणि हाताचा बारीक कंपही तेवढाच मोठा होऊन आत पोहोचतो. टेकू आम्हाला हलवता येत नाही. घर्षण मात्र कमी करता येते. ५ मिमी व्यासाच्या नळीत सरकणारी दांडी, जबड्याच्या पिना, मुठीतला सांधा, या प्रत्येक जागी थोडा विरोध निर्माण होतो आणि तो साचला की सर्जनच्या बोटांना आतड्याचा मऊपणा न कळता अवजाराचाच अडथळा जाणवतो. मग ऊतक गरजेपेक्षा जोरात दाबले जाते. म्हणून जबड्याच्या दातांपेक्षा या दांडीच्या सरकण्यावर अधिक मेहनत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी काळजी इन्सुलेशनची, म्हणजे दांड्यावरच्या वीजरोधक आवरणाची. मोनोपोलर प्रवाह (ऊतक कापण्यासाठी किंवा रक्त थांबवण्यासाठी टोकातून सोडलेली वीज) वापरताना दांड्यावरील आवरणाला डोळ्यांना न दिसणारे छिद्र जरी पडले, तरी तिथून आतडे भाजू शकते आणि कॅमेरा बहुधा टोकाकडेच रोखलेला असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हे आवरण ट्रोकारला घासून आणि धुताना झिजते. आपल्याकडे अवजार पुन्हा पुन्हा वापरले जाते, त्यामुळे मूठ, बाहेरची नळी आणि आतला भाग सुटे करून घासता आले पाहिजेत. नळीत वाळलेले रक्त राहिले, तर १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हवरही, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावरही, विसंबता येत नाही.

जर्मनीत कील येथे कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा अवजारांची रचनाही ते स्वतः करत असत. मुंबईत डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया याच मार्गाने केली. तेव्हापासून कॅमेरे कितीतरी सुधारले, मुठी मात्र अजून मोठ्या पंजाच्या मापानेच बनतात. लहान पंजाच्या एका सर्जनबाईंना रॅचेट (जबडा मिटलेला धरून ठेवणारा मुठीतला खटका) सोडवण्यासाठी प्रत्येक वेळी दुसरा हात लावावा लागताना मी पाहिले आहे. त्यांच्या कौशल्यात काहीच उणे नव्हते. बोटाच्या कड्यापासून खटक्यापर्यंतचे अंतर जास्त होते, आणि तो दोष सर्वस्वी आम्हा डिझाइन करणाऱ्यांचा आहे.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. दांडीच्या पृष्ठभागाला हवी तशी झिलई आमच्याकडे येत नाही आणि पॉलिशिंगमध्ये तुझा हात बसलेला आहे. पुढच्या आठवड्यात नमुने घेऊन चाकणला येऊ का, ते कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ असावा.

तुझा,
श्रीधर