जर्मन हवी, जर्मनचा प्राध्यापक नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'जर्मन शिका, नोकरी पक्की' अशा जाहिराती सध्या नागपूरच्या धरमपेठेत खांबाखांबावर दिसतात. त्यात सगळंच खोटं नाही. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार राज्य सरकारने 2024 मध्ये केला. सुरुवातीला 10,000 तरुण पाठवायचं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर खुशाल जावेत, चार पैसे घरी पाठवावेत.

माझं दुखणं वेगळं आहे. माझा भाचा जर्मन साहित्यात एम. ए., तत्त्वज्ञानात पीएच. डी., नेट उत्तीर्ण. इथल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर तर्कशास्त्र शिकवतो. आदेश ऑगस्टमध्ये निघतो, मार्चमध्ये काम संपतं, उन्हाळ्यात छदाम नाही. पावसाळ्यातल्या तासांचं बिल संक्रांतीला निघालं, तेही रजिस्टरवर एक सही राहिली म्हणून एकदा परत येऊन. संध्याकाळी तो क्लासमध्ये 'ए-वन'ची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीची बॅच घेतो. 'देर, दी, दास' या लिंगदर्शक शब्दांचे तक्ते घोकून घ्यायचे. जर्मन कवी शिलरची कविता काढली की पोरं विचारतात, "सर, हे परीक्षेला आहे का?" फी भरून आलेली पोरं, त्यांचं तरी काय चुकलं!

नातेवाईक समजूत घालतात, "अरे, काण्टही तासिकेवरच होता." होता खरा. 1755 पासून 15 वर्षं हा जर्मन तत्त्वज्ञ विद्यार्थ्यांच्या फीवर जगला, तर्कशास्त्रापासून भूगोलापर्यंत सगळं शिकवलं, मध्येच ग्रंथालयात दुय्यम नोकरीही धरली. पण 1770 मध्ये त्याला प्राध्यापकी मिळाली आणि त्याचे मोठे ग्रंथ त्यानंतरच आले. शिवाय गडी अविवाहित होता. भाच्याला दोन मुलं आहेत. हेगेल या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाने बाम्बेर्गला वर्तमानपत्र चालवलं (म्हणजे संपादक महाशय, तुमच्याच पंगतीतला), मग आठ वर्षं शाळेत मुख्याध्यापकी केली. पूर्णवेळ प्राध्यापक झाला तो 46 व्या वर्षी, हायडेलबर्गला. हे हायडेलबर्ग आज त्याच बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आहे.

त्यांना उशिरा का होईना, जागा मिळाली. आपल्याकडे प्राध्यापक निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षं रिकामी. विचारलं तर उत्तर ठरलेलं: कार्यभार नाही, म्हणजे शिकवायला पुरेसे तास नाहीत. शिकवणाराच नेमला नाही, तर विषय घेणार कोण आणि कार्यभार येणार कुठून?

जर्मनसाठी सरकारने पैसा काढलाच होता. त्यातून नागपूर विद्यापीठात जर्मन साहित्य आणि तत्त्वज्ञान मिळून एक पूर्णवेळ जागा मंजूर करावी. तोवर तासिकांची बिलं निदान त्या-त्या महिन्यात काढावीत.

एक निवृत्त शिक्षक,
बजाजनगर, नागपूर