'अवकाळी' हा शब्द आता पुरे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मार्च महिन्यात आमच्या बागेचा पंचनामा झाला. आलेले कर्मचारी भर उन्हात डोंगर चढून आले होते, त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. नुकसानीचे कारण म्हणून त्यांनी 'अवकाळी पाऊस' असे लिहिले आणि खाली मी सही केली. घरी येताना मनात आले की, गेल्या दहा-बारा हंगामांत या दोन शब्दांखाली आपण किती वेळा सही केली असेल! काळवेळ सोडून एखाद्या वर्षी येतो त्याला अवकाळी म्हणावे. जो कधी डिसेंबरात, कधी फेब्रुवारीत, तर कधी ऐन तोडणीच्या तोंडावर जवळजवळ दर वर्षी हजेरी लावतो, त्याला अवकाळी म्हणणे ही कारण न शोधण्याची सोय आहे. जागतिक तापमानवाढीच्या बातम्या वितळणाऱ्या हिमनगांच्या छायाचित्रासह छापून येत असल्याने तो विषय फार दूरचा वाटतो. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माझ्यासारख्या बागायतदाराला तो कलमाच्या फांदीवर दिसतो, म्हणून हे पत्र.

हापूसला मोहोर फुटण्यासाठी पावसाळ्यानंतर जमिनीतली ओल कमी व्हावी लागते आणि सलग काही रात्री किमान तापमान २० अंशांच्या खाली राहावे लागते. पाऊस दिवाळी ओलांडून रेंगाळला आणि रात्री उबदार राहिल्या, तर कलम मोहोरण्याऐवजी पालवी काढते. पुढे उशिरा कडाका पडला की कणी, म्हणजे बारीक फळे, धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो. त्याला आम्ही पुनर्मोहोर म्हणतो. रस्त्यावरून जाणारा पाहुणा म्हणतो, ''वा, काय बहरलंय झाड!'' पण जवळ जाऊन फांदी हातात घेतली, तर नव्या मोहोराखाली वाटाण्याएवढी फळे पिवळी पडलेली असतात आणि नुसते बोट लागले तरी देठासकट गळून हातात येतात, कारण झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळलेले असते. ढगाळ हवेत तुडतुडे आणि फुलकिडे येतात, मग फवारणीवर फवारणी होते, आणि एवढे करून टिकलेले फळ फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भाजते. २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या तोपर्यंतच्या नोंदींत सर्वाधिक ठरले होते. त्या वर्षीच्या फळगळीची आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे. एखाद्या वर्षीचा पाऊस किंवा एखादी थंडीची लाट पाहून लगेच तापमानवाढीचा निष्कर्ष काढू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु दहा वर्षांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या की फवारण्यांच्या तारखा पुढे-मागे सरकलेल्या आणि पेट्यांचे आकडे उतरलेले स्पष्ट दिसतात.

याचे कारण समजायला आंब्याची आढी, म्हणजे गवतात पिकत घातलेल्या आंब्यांची रास, पुरेशी आहे. आढीत फळाची स्वतःची ऊब असते, गवत ती बाहेर जाऊ देत नाही. गवताचा थर बेताचा असेल तर आंबा नीट पिकतो, वाजवीपेक्षा जाड झाला तर तो उबून खराब होतो. सूर्यामुळे तापलेली पृथ्वी आपली उष्णता अवकाशात सोडत असते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड, मिथेन, बाष्प यांसारखे वायू तिच्यातला काही भाग अडवून धरतात. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वी गोठून गेली असती. प्रश्न थराच्या जाडीचा आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळणे हे त्याचे मुख्य कारण आहे आणि जंगलतोड हे दुसरे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल, असा हिशेब स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अरेनियस यांनी १८९६ मध्येच मांडला होता, त्यामुळे 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे म्हणायची सोय कुणालाच नाही. २०१५ च्या पॅरिस करारात औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत होणारी तापमानवाढ शक्यतो दीड अंशावर रोखण्याचे ठरले. २०२४ हे एक वर्ष ती रेषा ओलांडून गेले. करारातील मर्यादा दीर्घकालीन सरासरीची असल्यामुळे ती मोडली असे अजून म्हणता येत नाही, इतकेच.

या वाढीव उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतो, आणि आम्ही तर समुद्राच्या उंबऱ्यावर राहतो. पूर्वी वादळ म्हटले की ते बंगालच्या उपसागरात, ओडिशा-आंध्रकडे, अशी आमची समजूत होती. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आले, तेव्हा अपवाद म्हणून आम्ही ते सोडून दिले. मग २०१९ या एकाच वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, ३ जून २०२० रोजी निसर्ग श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकले आणि लगेच पुढच्या मे महिन्यात तौक्ते संपूर्ण कोकण किनारा घासून गुजरातकडे गेले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राचे वाढते तापमान आणि तिथल्या वाढत्या वादळांचा संबंध दाखवून दिला आहे. निसर्गच्या दिवशी दुपारनंतर आम्ही आगरात, म्हणजे सुपारीच्या बागेत गेलो, तेव्हा पोफळी एकाच दिशेला, कापणी केलेल्या भातासारख्या आडव्या पडल्या होत्या. पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षे लागतात. भरपाई मिळाली, नाही असे नाही, परंतु ती पडलेल्या झाडाची मिळाली. मधल्या वर्षांची भरपाई कोण आणि कशी करणार? हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि ते सारे एकदम कोसळले की काय होते, हे २२ जुलै २०२१ रोजी पुरात बुडालेल्या चिपळूणने आणि दरडीखाली गेलेल्या महाडजवळच्या तळियेने पाहिले आहे. हर्णै बंदरावरच्या लिलावात मासळीचे काय होते आहे, ते मच्छीमार बांधवांनी स्वतः लिहावे, माझा तो अधिकार नाही.

आता दोष कुणाचा? श्रीमंत देशांनी दीडशे-दोनशे वर्षे धूर सोडला आणि भारतातील दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे, हे खरे आहे आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत ते ठणकावून सांगितलेच पाहिजे. परंतु एकूण उत्सर्जनात आपला देश जगात तिसरा आहे, आपली बहुतांश वीज अजून कोळशावर होते, आणि कोकणापुरते बोलायचे तर आपले हातही अगदीच स्वच्छ नाहीत. दर वर्षी होळीच्या आगेमागे आमचे सडे, म्हणजे गवताळ कातळ-पठारे, पेटतात. गवत जाळले की नवे गवत जोमाने येते हा समज, कुणाची विझवायची राहिलेली विडी, कधी शिकारीची हौस, कधी निव्वळ खोडसाळपणा, अशी त्याची कारणे आहेत. गवत पुन्हा उगवते आणि सोडलेला कार्बन परत घेते, हे मी जाणतो. पण त्या आगीत ऐन-किंजळीची कोवळी रोपे जातात, मातीतला पातेरा, म्हणजे पालापाचोळा जातो, वाऱ्याबरोबर वणवा शेजारच्या काजूत शिरतो, आणि उघडा पडलेला सडा पहिल्याच पावसात मातीसकट वाहून जातो. माझ्याच एका बाजूच्या चाळीस काजू कलमांचा असा कोळसा झाला. आग कुणी लावली हे वाडीत सर्वांना माहीत होते, पण पंचांसमोर कुणी बोलले नाही.

दुसरी गोष्ट कटाईची. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे. मुंबईकर भावंडांची सामाईक जमीन, सातबारावर पंचवीस नावे, आणि गणपतीत घरी आल्यावर ठेकेदाराशी झालेला व्यवहार, अशा रीतीने डोंगरच्या डोंगर लाकडाच्या टनावर विकले जातात व बॉयलर आणि भट्ट्यांत जळतात. मिळणारी रक्कम वाटणीनंतर प्रवासखर्चालाही पुरत नाही. या कटाईला केवळ कायद्याने आळा बसेल असे मला वाटत नाही. उभे जंगल राखणाऱ्या मालकाला दर वर्षी काही ठरावीक मोबदला मिळाला, तर ठेकेदाराच्या आकड्याला उत्तर मिळेल. वणव्यासाठी मात्र नव्या योजनेची गरज नाही. जानेवारीत ग्रामपंचायतीने रोजगार हमीतून गावाच्या हद्दीवर जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढून घेतल्या तरी पुष्कळ भागेल. भातशेतीतील भाजावळीवर, म्हणजे रोपांची जमीन पालापाचोळा (राब) जाळून भाजण्यावर, काही मंडळी फार टीका करतात. राबासाठी तोडले जाणारे कवळ, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, कमी व्हायला हवे, हे खरेच. पण नेरळ भागात विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रासारख्या पद्धतीत ना राब लागतो, ना चिखलणी, आणि साचलेल्या पाण्यातून सुटणारा मिथेनही कमी होतो. शेतकऱ्याला नावे ठेवण्याऐवजी ती पद्धत त्याच्या बांधावर करून दाखवावी.

खाडीकाठच्या कांदळवनाकडे आम्ही वर्षानुवर्षे चिखलातले निरुपयोगी झुडूप म्हणून पाहिले. तेच झुडूप उधाणाचा जोर मोडते, मासळीच्या पिल्लांना आसरा देते आणि आपल्या मुळांखालच्या चिखलात कार्बन साठवून ठेवते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला ठरवला, तरीही भराव घालणारे ट्रक रात्रीचे येतातच. खारे पाणी अडवणारे खारभूमीचे बंधारे आणि त्यांच्या उघाड्या (पाणी सोडण्याची दारे) यांची दुरुस्तीही उधाणाने खांड, म्हणजे भगदाड पडल्यावर नव्हे, तर आधी व्हायला हवी. समुद्राची पातळी वाढत असताना एकदा खारे पाणी शिरलेले शेत पुढची काही वर्षे पीक देत नाही.

विजेबाबत एक व्यावहारिक मुद्दा. फेब्रुवारी २०२४ पासून घराच्या छतावर सौर संच बसवण्यासाठी केंद्र सरकार ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने त्यातून फारशी वीज मिळणार नाही, हे संच विकणारे सांगत नाहीत. तरीही उरलेल्या आठ महिन्यांत पंपाचा आणि घराचा खर्च निघतो. फक्त सांगाडा वादळाचा विचार करून बांधून घ्यावा, कारण निसर्गमध्ये आमच्या वाडीतले पत्रे अर्ध्या किलोमीटरवर सापडले होते. आंब्याच्या वाहतुकीचेही तसेच आहे. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, मालाचे ट्रक गाडीवर चढवून नेण्याची रो-रो सेवा तर १९९९ पासून आहे, आणि आमच्या पेट्या मात्र अजून रात्रभर डिझेलचा धूर सोडत टेम्पोने वाशीला जातात. हंगामातले दोन-अडीच महिने आंब्यासाठी वेळेवर सुटणारी शीतडब्यांची गाडी मिळाली, तर तिचे भाडे बागायतदार आनंदाने देतील.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. हंगामात वाशी बाजारातील हापूसच्या पेटीचा दर आपण रोज छापता आणि आम्ही तो सकाळी सर्वांत आधी वाचतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात त्याच जागी दापोली, रत्नागिरी आणि देवगड येथील आदल्या रात्रीचे किमान तापमान, आणि त्याशेजारी त्याच तारखेची तीस वर्षांची सरासरी छापावी. चौकटीला चार ओळींपेक्षा अधिक जागा लागणार नाही.

आपला,
एक आंबा बागायतदार
ता. दापोली, जि. रत्नागिरी