शिल्पांचा पाया घालून देणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावाच्या शिवारात आम्ही शिल्पकारांनी मिळून उभारलेले शिल्पोद्यान लोकांसाठी खुले झाले, त्या दिवशी कलावंतांचे कौतुक पुष्कळ झाले. पण ज्यांच्या सल्ल्यावाचून त्यातले एकही शिल्प जागेवर सरळ राहिले नसते, त्या आपला उल्लेख कोणाच्याही भाषणात आला नाही. नाव छापू नका असे आपण बजावले आहे, म्हणून ते इथेही लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानले पाहिजेत, असे आम्हा सर्वांचे मत आहे.

सर्वांत मोठे ऋण पायाचे आहे. आपल्याकडची भारी काळी जमीन कपाशीला मानवते, वजनाला नाही. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट वर्गाची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आक्रसतात, त्यामुळे पावसाळ्यात फुगून वर येणारी तीच जमीन वैशाखात हात आत जाईल एवढी भेगाळते. काळ्या पाषाणाचा एक घनमीटरचा ठोकळा जवळजवळ 3 टन भरतो. तो अशा मातीवर नुसता ठेवला, तर काही पावसाळ्यांत कलणारच. हे शास्त्र आम्ही पुढे पुस्तकात वाचले. आपण ते पहिल्याच भेटीत बांधावर बसून सांगितले होते, की काळी माती पूर्ण काढा, मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि पायाशी पाणी साचू देऊ नका. एवढे सांगून आपण घरी गेला नाहीत. भर उन्हात प्रत्येक खड्ड्याशी उभे राहून तळाचा मुरूम हातात घेऊन पाहिलात, दगड-मुरुमाचा थर नीट ठोकून झाल्याशिवाय वरचा थर पडू दिला नाहीत आणि पाण्याला वाट देणाऱ्या चाऱ्या कुठून न्यायच्या, तेही आखून दिलेत. पाहुणे ज्या तोलाची वाखाणणी करतात, त्याचा निम्मा भाग जमिनीखाली आहे आणि तो आपला आहे.

दगडाची निवडही आपलीच. जन्मभर पाटे, वरवंटे आणि जाती घडवलेल्या हातांनी आपण हातोडीचा हलका ठोका देत खणखणीत वाजणारे दगड बाजूला काढले आणि बद्द वाजणारे नाकारले. शंका आली, तर दगडावर पाणी ओतून तो वाळताना पाहायचा, कारण बारीक चिरेत ओल टिकते आणि तिथे काळी रेघ उरते, हे आमच्यापैकी अनेकांना कला महाविद्यालयात शिकायला मिळाले नव्हते. मुले जिथे हात लावतील, ती ठेंगणी शिल्पे कडुनिंबाच्या पूर्वेला ठेवण्याचा आग्रहही आपलाच, म्हणून दुपारनंतर तिथे सावली असते आणि दगडाचा चटका बसत नाही.

“मी फक्त गोटा दाखवला, कला तुमची,” असे आपण म्हणता. इथे मात्र आम्ही आदरपूर्वक असहमत आहोत. 1976 मध्ये लोकांसाठी खुले झालेले चंदीगडचे रॉक गार्डन घडवणारे नेकचंद हे सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते; फुटक्या बांगड्या आणि टाकाऊ चिनीमातीतून त्यांनी जे उभे केले, त्यासाठी 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलावंत कोण, हे नोकरीवरून किंवा पदवीवरून ठरत नाही. म्हणून प्रत्येक शिल्पाच्या फलकावर शिल्पकाराच्या नावाखाली “पाया आणि दगडाची निवड : गावचे पाथरवट” अशी ओळ आम्ही कोरून घेतली आहे. ती पुसायला कृपया सांगू नये.

एक विनंतीही आहे. गावातील काही मुलांना दगड पारखणे, छिन्नीला पाणी देणे आणि जात्याला टाकी लावणे आपल्याकडून शिकायचे आहे. दिवाळीनंतर, कापूस वेचणीतून सवड मिळेल तसे, आपण उद्यानातील छपरीत त्यांना शिकवावे. आजवर आपण आमच्याकडून एक पैसाही घेतला नाहीत. या शिकवणीचे मानधन मात्र घ्यावेच लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

आपले कृतज्ञ,
शिल्पोद्यानातील सर्व शिल्पकार