मताचा हक्क ही त्या यादीतली एकच ओळ होती

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तू म्हणालास, "पूर्वीच्या बायका ज्यासाठी लढल्या ते पटतं. मत, शिक्षण, मालमत्ता, यांवर कुणाचा आक्षेप असणार? आत्ता स्त्रियांच्या चळवळीत जे चाललंय ते मात्र डोक्यावरून जातं." हे तू आकसाने म्हणाला नाहीस, तुला खरोखर तसं वाटतं, म्हणूनच सविस्तर लिहायला बसले आहे.

कुणाचा आक्षेप असणार, हे आधी बघू. १८४८ च्या जुलैमध्ये अमेरिकेत सेनेका फॉल्स या लहानशा गावी स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या धर्तीवर नवा जाहीरनामा तयार केला होता. मूळ जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाने केलेल्या अन्यायांची यादी आहे, तशी इथे पुरुषांनी स्त्रियांवर केलेल्या अन्यायांची. बाकीचे ठराव एकमताने मंजूर झाले, अडला तो नेमका मताधिकाराचा. ल्युक्रेशिया मॉट यांच्यासारख्या मुरलेल्या कार्यकर्तीलासुद्धा वाटलं, एवढं मागितलं तर लोक आपलं हसं करतील. गुलामीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस उठून त्या ठरावाच्या बाजूने बोलले, तेव्हा कुठे तो तरला. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रियांनी आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. वर्तमानपत्रांनी झोड उठवल्यावर त्यांतल्या काहींनी नावं मागे घेतली.

म्हणजे बघ, आज तुला ज्याबद्दल शंकाही येत नाही ती मागणी त्या सभागृहातल्या लोकांनाही जास्त वाटत होती.

सही करणाऱ्यांमध्ये शार्लट वुडवर्ड नावाची एक कोवळ्या वयाची मुलगी होती. घरी बसून हातमोजे शिवायची. अमेरिकेत स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार मिळाला १९२० साली, आणि तोवर सह्या करणाऱ्यांपैकी ती एकटीच हयात होती. त्या वर्षी निवडणुकीच्या दिवशी तिची तब्येत बरी नव्हती. मत द्यायचं राहूनच गेलं. बहात्तर वर्षांनी हक्क मिळाला आणि सही करणाऱ्या एकीलाही तो वापरता आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तो जाहीरनामा तू एकदा वाचावास असं मला फार वाटतं. दोन-तीन पानांचाच आहे. त्यात फक्त मत नाही. कमी मजुरी आहे. चांगल्या धंद्यांतून स्त्रियांना बाहेर ठेवणं आहे. घटस्फोटानंतर मुलं कुणाकडे राहणार हे आहे. एकाच वागण्याबद्दल पुरुषाला माफी आणि बाईला समाजातून उठवणं, हेही आहे. आणि यादीच्या शेवटी लिहिलंय की स्त्रीचा स्वतःच्या सामर्थ्यावरचा विश्वास मोडून काढायचा, तिने परावलंबी जिणं आपखुशीने पत्करावं अशी तिची घडण करायची, यासाठी पुरुषाने शक्य ते सगळं केलं. यातलं काय आजच्या चळवळीत नाही, सांग. यादीतल्या ज्या ओळी कायद्याने मान्य झाल्या त्यांना आपण रास्त मागण्या म्हणतो, आणि ज्या अजून पुऱ्या झाल्या नाहीत त्या कुणी पुन्हा वाचून दाखवल्या की अतिरेक म्हणतो. मला तुला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच. पण दोन्ही काळांत फरक नाही असं मात्र मी म्हणणार नाही. फरक आहेत आणि मोठे आहेत.

पहिला फरक असा की त्यांच्यासमोर भिंत कायद्याचीच होती. इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं. तिची मिळकत नवऱ्याची, मुलं नवऱ्याची. कॅरोलिन नॉर्टन ही लेखिका मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून १८३६ मध्ये वेगळी झाली. नवऱ्याने तिन्ही मुलगे ताब्यात घेतले. तिने पत्रकं लिहिली, खासदारांना भेटली, आणि लहान मुलांच्या ताब्यासाठी आईला न्यायालयात जाता येईल असा कायदा १८३९ मध्ये झाला. तोवर नवऱ्याने मुलं स्कॉटलंडला नेऊन ठेवली होती, आणि तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता! १८४२ मध्ये धाकटा मुलगा घोड्यावरून पडला आणि दगावला. आई पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. पुढे तिच्या पुस्तकांच्या पैशांवरही नवऱ्याने हक्क सांगितला. ही बाई स्त्री-पुरुष समान आहेत असं मानणारी नव्हती. पुरुष श्रेष्ठ आहे हे मला मान्य आहे, असं तिने जाहीर लिहिलं होतं. तिला फक्त तिची मुलं हवी होती. विचारसरणी अमुक असल्याशिवाय हक्काची गरज पडत नाही, असं थोडंच आहे?

आज बहुतेक देशांत कागदावरचा कायदा बराचसा बाजूने आहे. लढाई कायदा आणि व्यवहार यांच्यामधल्या जागेत सरकली आहे, आणि ती दिसायला अवघड आहे. आइसलँडचं उदाहरण घे. तिथे समान वेतनाचा कायदा १९६१ मध्येच झाला होता. तरी २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, नोकरीतलं आणि घरातलंही. कारखाने अडखळले, शाळा बंद पडल्या, बाप मुलांना घेऊन कामावर गेले. पाच वर्षांनी त्यांनी विग्दिस फिनबोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं. आणि तरीही २०२३ च्या त्याच तारखेला बायकांना पुन्हा तसाच संप करावा लागला. कायदा झाला म्हणून काम संपलं असं होत नाही, याचा याहून ठळक पुरावा माझ्याकडे नाही.

आमच्या ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती आहे, तिच्यावर मी आहे, हे तुला माहीत आहे. एका तक्रारीबद्दल नावगाव न सांगता लिहिते. मुलगी नवीन लागलेली, तक्रार एका वरिष्ठाबद्दल. नियमाप्रमाणे सगळं होतं, अर्ज, मुदत, साक्षी. पण समितीच्या खोलीत पहिला प्रश्न आला, "त्याच दिवशी का नाही बोललीस?" दुसरा, "मग नंतरही त्यांच्याशी हसून कशी बोलत होतीस?" तिने खाली बघत उत्तर दिलं, "प्रोबेशनवर होते." दोन शब्द. खोलीतल्या सगळ्यांना ते कळले असं मला वाटत नाही. कायदा होता म्हणून ती त्या खुर्चीत बसू शकली, हे त्या जुन्या बायकांचं देणं. ते प्रश्न विचारणं चूक आहे हे ठासून सांगता येणं, हे आत्ताच्या चळवळीचं देणं. तराना बर्क यांनी २००६ मध्ये 'मी टू', म्हणजे 'मीसुद्धा', हे दोन शब्द वापरायला सुरुवात केली ती अत्याचार सोसलेल्या कृष्णवर्णीय मुलींसोबत काम करताना. २०१७ मध्ये ते जगभर गेले तेव्हा त्यांना सिनेमानट्यांचे चेहरे मिळाले. पण त्यांचा खरा उपयोग आमच्या त्या खोलीत होतो.

दुसरा फरक माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा आहे, आणि इथे मी निःसंकोच आजच्या बाजूची आहे. चळवळीतली 'स्त्री' म्हणजे कोण? गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना मत द्यायचं ठरलं, तेव्हा स्टँटन आणि त्यांच्या चळवळीतल्या सहकारी सुझन अँथनी यांनी त्या घटनादुरुस्तीला विरोध केला. १८६९ मध्ये त्यावरून चळवळीची दोन शकलं झाली. स्टँटन यांनी त्या काळात कृष्णवर्णीयांबद्दल आणि परदेशातून आलेल्यांबद्दल जे लिहिलं ते वाचताना मान खाली जाते. डग्लस यांनीच त्यांचा ठराव तारला होता, हे लक्षात घे. १९१३ च्या वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंना मागच्या रांगेत चालायला सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं नाही. बाजूला थांबल्या आणि त्यांच्या इलिनॉय राज्याची तुकडी आली तशी तिच्यात शिरून पुढे चालल्या. १९२० नंतरही दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्षात मत देता यायला १९६५ चा मतदान हक्काचा कायदा व्हावा लागला.

हे आजच्या चळवळीने नुसतं मान्य केलं नाही, त्यावर विचार उभा केला. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये एक खटला उलगडून दाखवला. जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटलं, कंपनी बायकांना घेते, म्हणजे लिंगभेद नाही. वर्णभेदाचा दावा करायचा तर तो वेगळा करा, दोन्ही एकत्र करता येणार नाहीत. पण घेतलेल्या बायका होत्या गोऱ्या, कचेरीत. घेतलेले कृष्णवर्णीय होते पुरुष, कारखान्यात. मधल्या मधे या पाच जणी कुणालाच दिसेनात. आजच्या चर्चेतले जे शब्द तुला जड वाटतात त्यांतले बरेचसे असल्या न दिसणाऱ्या माणसांसाठी तयार झालेत.

जुन्या बायका सौम्य होत्या हा समजही जाऊ दे. ब्रिटनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या पँकहर्स्ट मायलेकींच्या संघटनेने खिडक्या फोडल्या, रिकाम्या घरांना आगी लावल्या. तुरुंगात उपोषण केलं की नळ्या घालून जबरदस्तीने अन्न भरलं जायचं. तेव्हाचे सभ्य लोक त्यांच्याबद्दल जे म्हणत, तेच आज तुझ्या तोंडी आहे.

पण तुझं एक म्हणणं मला पटतं. आजच्या चळवळीला एकत्र बांधणारा धागा सैल झालाय. न्यूझीलंडच्या बायकांनी १८९३ मध्ये जवळपास बत्तीस हजार सह्या गोळा केल्या. केट शेपर्ड यांनी ते कागद एकापुढे एक चिकटवून त्यांची गुंडाळी केली आणि संसदेत ती उलगडून दाखवण्यात आली. त्याच वर्षी तिथे मताधिकार आला. प्रत्येक सहीमागे कुणीतरी दार वाजवून बाईशी बोललं होतं. आज एका रात्रीत लाखो लोक एखादं वाक्य पुढे पाठवतात आणि आठवड्यात विसरतात. एकीने चुकीचा शब्द वापरला तर तिच्याच बाजूच्या बाया तिच्यावर तुटून पडतात. शिवाय 'स्वतःची निवड' या नावाखाली वाट्टेल ते विकलं जातं, आणि ते विकत घेण्याची ऐपत नसलेली बाई पुन्हा बाहेरच राहते. याची मला मनापासून काळजी वाटते. घरोघर जाणं, संघटना बांधणं, वर्षानुवर्षं एकाच मागणीचा पिच्छा पुरवणं, हे त्या बायकांकडून घेण्यासारखं आहे आणि आपण ते पुरेसं घेत नाही आहोत.

आता शेवटचा मुद्दा. लग्न आणि घर यांत चळवळीने कशाला शिरायचं, असं तू विचारलंस. स्टँटन यांनी १८५३ मध्येच अँथनींना पत्रात कळवलं होतं की हा सगळा प्रश्न फिरतो तो लग्नाच्या नात्याभोवती. मताच्या लढाईत ते मागे पडलं, पण विसरलं गेलं नाही.

रखमाबाई तर तुला माहीत आहेतच. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, सासरी नांदायला नकार, आणि १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात घातलेला दावा. 'केसरी'सुद्धा त्यांच्या विरोधात होता. मार्च १८८७ मध्ये निकाल लागला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वैवाहिक संबंध पुन्हा सुरू करण्याचा हा दावा आपल्याकडे आला तो इंग्लंडच्या कायद्यातून, आणि खुद्द इंग्लंडने त्यासाठीची तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच रद्द केली होती. इंग्लंडमधल्या बाईची सुटका झाली होती, मुंबईतल्या बाईच्या गळ्यात तोच कायदा तसाच अडकवलेला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये नवऱ्याला देऊन प्रकरण मिटलं. त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या.

१८९१ मध्ये क्लिदरो गावी चर्चमधून बाहेर पडणाऱ्या एमिली जॅक्सनला तिच्या नवऱ्याने जबरदस्तीने गाडीत कोंबून नेलं आणि घरात अडकवून ठेवलं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याला बायकोला कोंडून ठेवण्याचा हक्क नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९९१ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, सांगितलं की नवऱ्याने जबरदस्ती केली तर तोही बलात्कारच. पहिल्या निकालापासून दुसऱ्यापर्यंत यायला शतक लागलं, आणि दोन्हींमधला प्रश्न एकच आहे, लग्न झालं म्हणजे बाईचा होकार कायमचा मिळाला का? आपल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात आजही अपवाद आहे: पत्नी अठरा वर्षांची झालेली असेल, तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. आणि रखमाबाईंवर जो दावा गुदरला, तसा दावा हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाखाली आजही करता येतो.

आत्ताच्या मुली या अपवादाविरुद्ध फलक घेऊन उभ्या राहतात तेव्हा त्या काही नवीन काढत नाहीत रे. रखमाबाईंचाच खटला पुढे चालवतात.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा भांडू निवांत. आणि हे पत्र वहिनींना वाचायला दे. आपण दोघं इतकी वर्षं या विषयावर बोलतो, पण त्यांना काय वाटतं हे मी कधी ऐकलेलं नाही. त्यांनी चार ओळी लिहिल्या तर फार आनंद होईल.

तुझी मैत्रीण